मिरच्यांना हवाई मदत

गेल्या मे महिन्यात लालबागच्या आमच्या चाळीच्या गच्चीवर मी माझ्याच पक्षावर हल्ला केला. कारण अगदी तात्त्विक होतं.

वर्षभराच्या मसाल्यासाठी आईने मिरच्या आणि धणे चादरीवर वाळत घातले होते. मसाला कुटायला डंकावर त्याच दुपारी चारचा नंबर मिळाला होता (मे महिन्यात लालबागमध्ये हा नंबर मिळणं म्हणजे चांगल्या शाळेत ॲडमिशन मिळणं!). तो चुकला तर पुढचा थेट आठवड्याने. खडा मसाला आणायला आई बाजारात गेली आणि जाताना मला कबुतरांवर लक्ष ठेवायला गच्चीत बसवून गेली.

तेवढ्यात माझा मेव्हणा नितीन वर आला. आम्ही दोघेही ऑफिसात बसून पोट वाढवलेले, पण व्हिडिओ बघून बघून मनाने विंग कमांडर. जमिनीवर लढणाऱ्या आपल्या सैनिकांना अगदी जवळून मदत करायला कुठलं विमान चांगलं, हा आमचा जुना वाद. माझा जीव अमेरिकेच्या ए-टेनवर. ते सावकाश, कमी उंचीवर घिरट्या घालत राहतं, वैमानिकाभोवती जाड चिलखत असतं. नितीन रशियाच्या एसयू-पंचवीसचा भक्त. वेगाने यायचं, दणका द्यायचा, निघून जायचं.

वाद घालता घालता आम्ही पाण्याच्या टाकीच्या सावलीत सरकलो, इतक्यात धण्यांवर चार कबुतरं उतरली.

"भाऊजी, आता प्रॅक्टिकलच करू," नितीन म्हणाला.

कबुतरं शत्रू, मिरच्या आपलं सैन्य. नितीन टाकीपासून टॉवेल फिरवत धावत आला. कबुतरं उडाली, पण त्याला थांबताच येईना. जिन्यापर्यंत जाऊन तो वळेपर्यंत ती परत धण्यांवर! मग मी निघालो, संथ घिरट्या घालत. दुसऱ्या फेरीनंतर कबुतरांनी माझ्याकडे बघणंच सोडलं. उलट चाराची आठ झाली. नितीन हसला आणि ते मला झोंबलं. ए-टेनची खरी ताकद विमानाच्या नाकातल्या तोफेत असते, हे त्याला दाखवायलाच हवं होतं. टाकी धुवायचा पाइप शेजारीच पडला होता.

मी नेम धरून नळ सोडला. कबुतरं कोरडीच्या कोरडी उडून कठड्यावर जाऊन बसली. मिरच्या मात्र चादरीत पोहू लागल्या. पाइप हातात आवरेना, तो भलतीकडेच वळला, आणि जिन्याच्या दारात दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आई उभी होती. नखशिखान्त भिजलेली.

(अशा हल्ल्यात आपली माणसं कुठे आहेत ते आधी बघायचं, हा पहिला नियम. मला तो तोंडपाठ होता.)

आई मिरच्यांकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले आणि मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुका मी नुसता बसाक सांगितललंय," ती म्हणाली. "माणूस बसलेलो दिसलो की कबुतरा येनत नाय."

नंबर गेला. नितीनही गेला, त्याच्या विमानाच्या वेगाने. मिरच्या पुन्हा वाळायला तीन दिवस लागले आणि त्या तीन दिवसांत आईने मला गच्चीची पायरीही चढू दिली नाही. तिने चादरीशेजारी उलटा झाडू उभा केला आणि त्याला माझा जुना शर्ट घातला. एकही कबूतर फिरकलं नाही. शर्ट माझाच होता, फक्त आत मी नव्हतो!