आरपार दिसणारा पंजा

कोयतेमामा माझे सख्खे मामा. त्यांचं खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलंय. लोकांच्या परसातला, गोदामांमागचा, कालव्याकाठचा झाडोरा साफ करून देण्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं, म्हणून वस्तीनेच हे नाव ठेवलं. मी त्यांच्या घरात वाढले, तेव्हा त्यांना नावं ठेवायचा पहिला हक्क माझा. माणूस कमालीचा हट्टी. एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी नाही.

पण कामाची एक रीत त्यांनी कधी मोडली नाही. झाडीला हात लावण्याआधी पत्र्याचा रिकामा डबा कोयत्याच्या पाठीने बडवायचा आणि खच्चून ओरडायचं, "आत कोण असेल ते बाहेर या!" मग कमरेवर हात ठेवून थांबायचं. ससे निघायचे, मांजरी पिल्लं उचलून पळायच्या. एकदा तर बायकोशी भांडून आत झोपलेला शिंपी डोळे चोळत बाहेर आला आणि मामांनाच चार शब्द सुनावून गेला. मामांच्या हातून उभ्या जन्मात कुणाला साधं खरचटलं नाही. याचा त्यांना इतका अभिमान की पाहुण्यांना चहाबरोबर हे ऐकावंच लागे.

मग त्यांचा उजवा खांदा गेला. कोयता राहू दे, चहाचा कपही डाव्या हाताने उचलायची पाळी आली. डॉक्टरांनी सांगितलं, कोयता विसरा. मामा घरी बसले आणि घराचा पार विचका झाला. कांदा असा नाही, तसा चिरायचा. झाडू असा नाही, तसा धरायचा. मामींना कमी ऐकू येतं, कानात यंत्र असतं. मामांचं प्रवचन सुरू झालं की मामी शांतपणे यंत्र काढून स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या स्टीलच्या वाटीत ठेवायच्या आणि गालातल्या गालात हसत भाजी परतायच्या. पण एकदा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अगं, हे असेच बसून राहिले तर खचतील. रात्रीतून उठून कोयत्याला धार लावतात."

शेवटी उपाय निघाला तो पंजाचा. घरच्या जुन्या ट्रॅक्टरला पुढे दोन लोखंडी हात होतेच. त्यांना पंजा लावला की तो झाडोऱ्याखाली शिरणार, वरून जबडा मिटणार आणि अख्खी जाळी मुळासकट उचलणार. खांद्याला काम नाही, नुसता लिव्हर ओढायचा. हे जमलं तर मामा पुन्हा कामाला लागणार होते. नाही जमलं तर ती खुर्ची आणि तो कांदा.

दुकानाच्या आवारात दोन पंजे मांडले होते. एक भलीमोठी बादलीच, तळ आणि पाठ सलग पत्र्याची, वर जाडजूड जबडा. दुसरा नुसत्या वाकवलेल्या दातांचा, पाठीलाही उभे गज, मध्ये हाताचा पंजा जाईल एवढ्या फटी. मामांचा जीव बादलीवर जडला. तिच्याभोवती फिरले, पत्र्यावर थापा मारल्या.

"याला म्हणतात माल! यातून एक काडी खाली पडायची नाही."

"काडीबरोबर मातीही नाही पडायची," विक्रेता म्हणाला. "वजन वाढेल, काका. तुमचा ट्रॅक्टर लहान आहे. झुडपांसाठी दातांचाच बरा."

"मला शिकवू नका. काम मला करायचंय."

मामीही बरोबर आल्या होत्या. बादली दाखवायला एका ट्रॅक्टरला जोडली होती. मामी पायातल्या चपलांसकट त्यावर चढल्या आणि थेट सीटवर जाऊन बसल्या. विक्रेत्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"अहो, इथून पुढचं काही दिसतच नाही! नुसती भिंत आहे समोर."

"दिसायचंय काय त्यात? झाडीच असणार ना?"

"काय असणार ते दिसल्याशिवाय कसं कळणार? मी बटाटेसुद्धा जाळीच्या पिशवीतले घेते. आत सडका आहे का ते बाहेरून दिसतं. तो दातांचा घ्या."

"पंजा घ्यायला आलोय, बटाटे नाही!"

मामींनी तिथेच कानातलं यंत्र काढून मुठीत धरलं. म्हणजे विषय संपला. दातांचा पंजा घरी आला आणि मामा दोन दिवस तोंड फुगवून बसले. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "बटाट्याच्या हिशेबाने घेतलाय."

पहिली चाचणी आमच्याच घरामागच्या झाडोऱ्यावर घ्यायची ठरली. काटेरी वेलींची पुरुषभर उंच जाळी होती ती, इतकी दाट की आत ऊनही शिरत नसे. "जेवण झाल्यावर सुरू करतो," असं मामांनी सकाळी जाहीर केलं. पण नवं खेळणं हातात असल्यावर जेवणापर्यंत धीर धरणार कोण! सकाळपासून उगाच ट्रॅक्टर सुरू करत होते, बंद करत होते. त्या धडधडीने माझंसुद्धा डोकं उठलं होतं.

दुपार व्हायच्या आत त्यांनी ट्रॅक्टर झाडीसमोर नेऊन उभा केला. इंजिन बंद करून खाली उतरले, डाव्या हाताने डबा बडवला, ओरडले, "आत कोण असेल ते बाहेर या!" आणि थांबले. पान हललं नाही. मामा समाधानाने वर चढले. किती दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर तो जुना तोरा दिसला. मला वाटलं, हे मामींनी बघायलाच हवं. त्यांना बोलवायला मी आत पळाले.

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. गॅस बारीक केलेला, भात शिजत होता. परसाकडचं दार उघडं. कोपऱ्यातली कोंबडीची टोपली जागेवर नव्हती. आणि खिडकीतल्या वाटीत मामींचं कानाचं यंत्र.

आमची खुडूक कोंबडी त्या झाडीतच अंड्यांवर बसली होती. जेवणानंतर झाडी जाणार, त्याआधी मामी मागच्या बाजूने शिरून तिला काढून आणायला गेल्या होत्या.

मी ओरडत धावले. "मामा, थांबा! मामी आत आहेत!" पण इंजिनची धडधड इतकी की माझा आवाज मलाच ऐकू येईना. मामांची पाठ माझ्याकडे. पंजाचे दात झाडीखाली शिरले होते आणि वरचा जबडा मिटत खाली येत होता. एवढंच आठवतं की मी हात हलवत होते आणि कुणीच कुणाचं ऐकत नव्हतं.

आणि एकदम इंजिन बंद झालं.

मामा सीटवर थिजले होते. पंजाच्या पाठीच्या गजांमधून, त्या फटीतून, पानांच्या आत निळं काहीतरी दिसत होतं. मामींच्या डोक्याचा निळा रुमाल. त्याच्या वर वीतभर अंतरावर जबड्याचं टोक.

"इंजिन सुरू करा! उघडा तो जबडा!" मी किंचाळले.

मामांनी लिव्हरकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. ओठ पांढरे पडले होते. "कुठल्या बाजूला गं? उघडतो कुठल्या बाजूला?" सकाळपासून पन्नास वेळा उघडमीट केली होती, पण आता त्यांना काही म्हणता काही आठवेना. चुकून उलटा ओढला तर? मलाही माहीत नव्हतं.

मग मामांनी उडी मारली. झाडीशी गेले आणि हातांनी वेली ओढायला लागले. दोन्ही हातांनी. ज्या उजव्या हाताने कप उचलत नव्हता त्या हाताने मनगटाएवढे बुंधे बाजूला सारत होते, काटे कोपरापर्यंत घुसत होते. मी शेजारी उभी राहून ओढत होते आणि भीतीने रडत होते.

वाट झाली. आत मामी गुडघ्यांवर बसल्या होत्या, टोपलीत कोंबडी, ओच्यात अंडी. दोन्ही बाजूंना लोखंडी दात. त्यांनी वर पाहिलं, डोक्यावरचा जबडा पाहिला आणि टोपली पोटाशी धरली. मामांनी त्यांना काखेत धरून बाहेर ओढलं. गालावर एक ओरखडा, बाकी काही नाही. एक अंडं फुटलं.

मग सगळं लक्षात आलं तसा मामींना राग आला. ज्यांना ऐकू येत नाही ती माणसं बोलतात तशा मोठ्याने त्या मामांवर ओरडल्या, "जन्मभर जगाला हाक देत आलात! आज घरच्या माणसाला एक हाक मारता आली नाही?"

मामा तिथेच मातीत बसले, दोन्ही हात रक्ताळलेले, आणि माझ्याकडे पाहत राहिले, जणू त्या हाकेची मीच साक्षीदार होते. मी होतेच.

पुढे कित्येक दिवस, कुणी विचारो न विचारो, मामा एकच वाक्य म्हणत, "मी ती भिंतीसारखी बादलीच घेणार होतो."

आता ते पुन्हा कामावर जातात. डबाही बडवतात, हाकही देतात. मग डबा खाली ठेवतात, वाकतात आणि झाडीभोवती पूर्ण फेरी मारून आत डोकावून बघतात. लोक हसतात. घरच्या परसात काम असेल तर आधी स्वयंपाकघरात येतात. मामी समोर भाजी चिरत असल्या तरी त्यांना बाहेर आणून पायरीवर बसवतात, खांद्यावर हात ठेवून सांगतात, "इथून उठू नकोस." कांदा कसाही चिरलेला असो, त्याबद्दल एक अक्षर बोलत नाहीत.