लुआन सुयिंगची नाडीपरीक्षा

वैद्याकडे जायचं, मनगट पुढे करायचं आणि तोंड बंद ठेवायचं, हा लुआन सुयिंगचा नियम. काय दुखतंय, केव्हापासून दुखतंय हे आपणच सांगायचं तर वैद्य कशाला हवा? नाडीवर बोटं ठेवून त्यानं सांगावं! थर्मासच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून तिनं असे गावातले सात वैद्य निकालात काढले होते. एकानं तिची मूळव्याध सोडून निद्रानाशाची औषधं दिली. दुसरा म्हणाला, "यकृतात आग आहे." यकृतात आग तर या गावात ज्याच्या त्याच्या असते. बाहेर येऊन ती रांगेतल्या बायांना एकच शब्द ऐकवायची, "नापास." की निम्मी रांग उठून घरी.

या सगळ्याचं मूळ एका म्हाताऱ्या वैद्यात होतं. सुयिंग गरोदर असताना त्यानं नाडी धरली, "मुलगा" म्हणाला आणि मुलगा झाला. तेवढ्यावर चाळीस वर्षांची श्रद्धा उभी राहिली. त्याच दिवशी त्यानं शेजारणीलाही मुलगाच सांगितला होता आणि तिला मुलगी झाली, ही गोष्ट सुयिंगनं कधी मनावर घेतली नाही.

यंदा मात्र तिचा उजवा खांदा आखडला. हात छातीच्या वर जाईना. दुसरी एखादी घरी शेकत बसली असती, पण सुयिंग रोज सकाळी चौकात नाचणाऱ्या बायकांच्या पहिल्या रांगेत, अगदी मधोमध उभी राहायची. नवव्या महिन्याच्या नवमीला, म्हाताऱ्यांच्या सणाला, सगळ्या मोहल्ल्यांची स्पर्धा होती. नाचात घडीचा लाल पंखा डोक्यावर नेऊन फटकन उघडायचा होता. सणाला दोन आठवडे उरले होते आणि मधल्या जागेवर दुसऱ्या रांगेतल्या फू चुनशिआचा डोळा होता.

"सुयिंगताई, तुम्ही मागं उभ्या राहा ना," चुनशिआ गोड आवाजात म्हणाली. "मागं कुणीतरी भारदस्त हवंच."

सुयिंगचा नुसता जळफळाट झाला. त्याच सकाळी ती चौकाच्या कोपऱ्यावरच्या डॉक्टर छीच्या दवाखान्यात शिरली. छी एकतीस वर्षांचा, केस काळेभोर, हनुवटी गुळगुळीत. असल्या पोराला नाडी काय कळणार, असं म्हणत गावानं अजून त्याच्याकडे पाठच फिरवली होती. बाहेरच्या बाकावर चारच बाया होत्या आणि त्याही सुयिंगचा निकाल ऐकायला थांबलेल्या.

"या मावशी. काय होतंय?"

सुयिंगनं कोट काढून खुर्चीवर टाकला आणि मनगट उशीवर ठेवलं. "तुम्हीच सांगा."

छीनं उसासा सोडला. तीन बोटांनी आधी डावी नाडी पाहिली, मग उजवी. जीभ बाहेर काढायला लावली. मग म्हणाला, "पायजमा गुडघ्यापर्यंत वर घ्या."

पाय! सुयिंगला मनातल्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आठवा गेला! छीनं नडगीच्या बाजूला सुई टोचली आणि हळूहळू फिरवायला लागला.

"आंबतंय? जड वाटतंय? बधिर?"

पाय कमरेपर्यंत आंबला होता, पण परीक्षार्थीला उत्तर सांगायचं नसतं. ती ढिम्म बसून राहिली.

"बरं. आता उजवा हात वर करा."

सुयिंगनं चमकून पाहिलं. हात छातीशी आला, हनुवटीशी आला आणि चक्क कानाच्या वर गेला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला पंखा दिसला, मधली जागा दिसली, चुनशिआचं पडलेलं तोंडही दिसलं.

"उद्या पुन्हा आखडेल," छी म्हणाला. "रोज या, दहा दिवस. मग सणाला नाचाल."

"नाडीत दिसलं ना? कुठल्या बोटाखाली?"

"छे हो, नाडीत कुठलं! कोट काढताना उजवी बाही खाली ओघळू दिलीत. केस एकाच बाजूचे विंचरलेत. आंधळ्यालाही कळलं असतं. आल्याबरोबर बोलला असतात तर माझा वेळ तरी वाचला असता."

सुयिंगच्या पायाखालची जमीन सरकली. हा तर कॉपी करून पास झालेला!

बाहेर चौघी उठून उभ्या राहिल्या. "पास का नापास?"

खरं सांगावं तर चाळीस वर्षांच्या श्रद्धेचं हसं. नापास म्हणावं तर उद्या कोणत्या तोंडानं यायचं? सुयिंगनं मान ताठ केली. "एक अक्षर बोलले नाही मी. नुसत्या नाडीवरून खांदा ओळखला त्यानं. असा वैद्य मी तरी पाहिला नाही."

दुसऱ्या दिवशी ती सात वाजता पोचली तेव्हा रांग भाजीबाजारापर्यंत गेली होती. नाडीशिवाय काही दिसू नये म्हणून सगळ्यांनी ठरवून जाडजूड कोट घातले होते आणि ओठ मिटले होते. आतून छीचा आवाज येत होता, "काय होतंय?" आणि दर वेळी तेच उत्तर, "तुम्हीच सांगा." एकेकीला अर्धा अर्धा तास लागत होता. दुपारी बारापर्यंत नऊजणी झाल्या. त्यांत सातवी फू चुनशिआ.

"तुम्ही म्हणालात म्हणून आले हो, ताई," ती जाता जाता म्हणाली.

असं आठ दिवस चाललं, सुयिंगचा नंबर काही लागेना. सुयिंग पहाटे येऊ लागली, तर बाकीच्या त्याहून आधी. हात पुन्हा छातीशी अडकला होता. नवव्या दिवशी, छी दवाखाना बंद करायला दाराची फळी लावत असताना, तिला राहवलं नाही. रांग मोडून ती पुढे घुसली आणि साऱ्या चौकाला ऐकू जाईल अशी ओरडली, "खांदा! अहो डॉक्टर, उजवा खांदा दुखतोय माझा!"

पुढच्या दोघींनी तिला दंडाला धरून मागं ओढलं.

"गप्प बसा हो ताई," त्यांतली एक दबक्या आवाजात म्हणाली. "सगळं सांगून टाकलंत तर बिचाऱ्यानं ओळखायचं काय?"