देवळालीची बोट

भागवतकाकांची आणि माझी ओळख कॅनडात, रेजिनातल्या बर्फाने करून दिली. ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हलने उपसून मी धापा टाकत होतो, तर शेजारच्या दारातून या निवृत्त डॉक्टरांनी विचारलं, "नॅकर्ड झालात?" दमलात का, असा अर्थ धरून मी हो म्हणालो. "जपून म्हणा. थकलेले घोडे विकत घेऊन कापणारा, तो नॅकर. शब्द उकरला की खाली हाडं लागतात." मग चहाला आत बोलावलं.

काका आधी काही वर्षं इंग्लंडमध्ये डॉक्टर होते. तिथले पेशंट काही पुस्तकी इंग्रजीत कण्हत नसत, म्हणून काकांनी त्यांचे बोलीतले शब्द मुळासकट वहीत उतरवायला सुरुवात केली. आरामाच्या नोकरीला 'कुशी' म्हणतात, तो आपला 'खुशी'च, हे सांगताना त्यांचा चेहरा साहेबाच्या घरात आपली हरवलेली वाटी सापडल्यासारखा व्हायचा.

लाडका शब्द मात्र 'डूलाली'. डोकं फिरलेल्याला इंग्रज डूलाली म्हणतात, आणि तो शब्द काकांच्या गावचा, देवळालीचा. तिथल्या छावणीत मुदत संपलेले गोरे सोल्जर मायदेशच्या बोटीची महिनोन्महिने वाट बघत. उन्हाने, तापाने, कंटाळ्याने काहींची डोकी फिरत. काका ते करून दाखवत. कोट चढवायचा, बॅग मांडीवर घ्यायची आणि दाराशी बसून विचारायचं, "बोट आली का हो?" दर गणपतीत आम्ही पोट धरून हसायचो.

गेल्या दिवाळीत मालतीकाकूंनी मला वही दाखवली. सलग तीन पानांवर 'डूलाली', तोच अर्थ, तेच मूळ. "लक्ष ठेव रे त्यांच्यावर," काकू म्हणाल्या. मी मान डोलावली, पण मनात म्हटलं, वयच झालंय, विसरणारच.

जानेवारीत, वजा तीसच्या एका दुपारी, मी जेवायला घरी आलो. काकू ग्रोसरीला गेल्या होत्या. काका बाहेर पायरीवर बसले होते, अंगात कोट, मांडीवर बॅग.

"बोट आली का हो?"

"येतेच आहे, काका," मी हसत म्हणालो आणि घरात शिरलो.

अर्ध्या तासाने निघालो तेव्हा ते तिथेच होते. त्यांच्या पायांत घरातल्या सपाता होत्या, हे मला तेव्हा दिसलं. मी हाक मारली, ती त्यांना ऐकू गेली नाही.

दोन दिवसांनी ते हॉस्पिटलातच वारले. काकूंनी मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. वही मात्र त्यांनी मलाच दिली. मधली कोरी पानं उलटत मी अगदी शेवटच्या पानापाशी आलो. तिथे काकांनी केसपेपर लिहावा तसं लिहून ठेवलं होतं:

'डूलाली. पेशंट: मी स्वतः. बोटीचं विचारल्यास हसू नये. हाताला धरून घरात आणावे.'