आम्हीच खणलेला चर

माझं माहेर साक्रीच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी. सासर जळगावकडचं. सासरी गावातून स्टेशनापर्यंत खडीचा रस्ता होता, कापसाच्या गाड्यांसाठी केलेला. त्याला खड्डा पडला की माणसं आपण होऊन मुरूम टाकत. माहेरी आम्ही रस्ता खणून ठेवायचो. सासरचे हसत, जंगलातल्या माणसांना रस्त्याची काय किंमत, म्हणत. मी समजावत बसले नाही.

आमच्या रस्त्याने लाकूड धुळ्याला जायचं आणि उलट यायचा तो जंगलखात्याचा साहेब. तो आला की गावाला वेठ. बैल, गाड्या, दूध, कोंबड्या सगळं फुकट, आणि नाही म्हटलं तर मार. म्हणून पावसाळ्याच्या तोंडी गावातले पुरुष रस्त्यात आडवा चर खणत आणि साहेबाला रस्ता पाण्याने वाहून गेला म्हणून सांगत.

मी दहा-अकरा वर्षांची असताना वहिनी अडली. पोर आडवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुईण म्हणाली, माझ्याच्याने होत नाही, धुळ्याला न्या. आबांनी, म्हणजे वडिलांनी, गाडी जुंपली. सोबत भाऊ. मी वहिनीचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसले. आधी ती ओरडत होती. मग ओरडेनाशी झाली, तेव्हा मला जास्त भीती वाटली. तिच्या नाकापुढे बोट धरून मी श्वास बघत होते.

गाडी थांबली. समोर चर, कमरेइतका खोल, पाण्याने भरलेला.

भाऊ म्हणाला, "आबा, हाऊ तर आपलाच शे."

आबा पाण्यात उतरून हातांनी काठचे दगड चरात लोटायला लागले. भाऊही उतरला. मी रस्त्याकडे बघत राहिले. कोणी मदतीला येईना याची भीती, आणि जंगलखात्याचा शिपाई आला आणि चर खणलेला आहे हे त्याने ओळखलं तर याचीही. दुपार टळल्यावर चाकं पार झाली.

धुळ्याला पोचायला दुसरा दिवस उजाडला. डॉक्टरांनी मेलेलं पोर काढलं. वहिनीचं सांगता येत नाही म्हणाले. इतका उशीर का केला, असं आबांना विचारलं.

"रस्ता खराब शे, साहेब."

डॉक्टर माझ्याकडे वळले. तिकडे पाऊस फार झाला का गं, म्हणाले. मी हो म्हटलं.

वहिनी जगली. पुन्हा तिला मूल झालं नाही. त्या चराबद्दल घरात तिच्यासमोर कोणी बोलत नसे. पण तिला ठाऊक होतंच. खणणाऱ्यांना भाकरी तिनेच नेऊन दिली होती.