फुलाबाईंच्या सागाचे दोरे

मार्गासनीच्या फुलाबाईंना शेजारणी हसायला लागल्या त्याला सतरा वर्षं झाली. वटपौर्णिमेला वडाला फेऱ्या घालून झाल्या की उरलेली सुताची गुंडी घेऊन बाई थेट मळ्यात जात. बांधावरच्या सागांपैकी कोपऱ्यातल्या सागाला छातीइतक्या उंचीवर गेरूचा पट्टा. त्यावरून सूत एकदा गुंडाळायचं, तोडायचं नि घरी आणून पत्र्याच्या पेटीत टाकायचं.

"सागालाबी नवरा केलास का गं?" अंबूबाई विचारायची.

"लेकरू हाय ते. माप घेती त्याचं."

यंदा मात्र मळ्यात जाण्याआधी घरी डोकावल्या तर ओटीवर मुलगा हनुमंत सांगत होता, "आये, साग वाढायचा थांबलाय. उद्या टेम्पो येतोय, समदे तोडून टाकू."



ओटीवर शिवानीही बसली होती. लावलेल्या झाडांनी हवेतला किती कर्ब लाकडात साठवलाय, हे मोजायला ती पुण्याच्या कॉलेजातून आली होती. ती हळहळली, "दरवर्षीची वाढ कुणी लिहून ठेवली असती तर..."

"लिवलेली न्हाई, पर दोऱ्यात हाय!" फुलाबाई पेटीकडे धावल्याच.

ओटीवर एकाखाली एक सतरा दोरे मांडले. आखूड, मग लांब, मग आणखी लांब. शिवानी आनंदानं ओरडलीच, "मावशी, हा तर खजिना आहे!"

हनुमंतानं बोटं लावून पाहिली. "पयल्यांदा वर्षाला चार बोटं वाढ. आता दोनच. म्या काय म्हणत हुतो?"

शिवानीनं वही उघडली. फुलाबाई मात्र आपण लिंपलेल्या भिंतीकडे बघत राहिल्या. एकाएकी त्यांचे डोळे चमकले.

"आरं, चुलीला जाड लिंपलं नि भिंतीला पातळ, तरी माती कशाला जास्ती लागती?"

"भिंतीला."

"मग? तवा साग चुलीएवढा हुता. आता भिंतीएवढा झालाय!"

"बरोब्बर!" शिवानी उठून उभीच राहिली. "दादा, तेव्हाच्या चार बोटांपेक्षा आताच्या दोन बोटांत जास्त लाकूड भरतंय. ऐन साठवणीचे दिवस आहेत हे!"

हनुमंत पहिल्या दोऱ्याकडे पाहत राहिला, मग शेवटच्या. मग त्यानं मोबाईल काढला. "टेम्पो नको उद्या. न्हाई, परवाबी नको."

"यंदाचा दोरा कुठाय?" त्यानं आईला विचारलं.

"अजून घ्यायचाय."

"चल मग. टोक म्या धरतो."

गेरूच्या पट्ट्यावर त्यानं सुताचं टोक दाबून धरलं आणि फुलाबाई लगबगीनं सागाभोवती फिरल्या. बांधापलीकडून अंबूबाई ओरडली, "आता लेकबी लागला का नादाला?"

"व्हय!" आतून-बाहेरून फुललेल्या फुलाबाई म्हणाल्या. "तू बी ये बघायला!"