झोमपाच्या पाच शेळ्या

झोमपाला एका जागी बसवत नाही. हा तिचा दोष म्हणा नाहीतर धंदा म्हणा. वय बावन्न. नवरा केला नाही, स्वतःचा तंबू कधी उभारला नाही. लेहपलीकडच्या चांगथांगच्या पठारावर मेंढपाळांच्या ज्या छावणीत मुक्काम पडेल तिथं चुलीशी अंग टाकायचं आणि सकाळी लोणी-मिठाचा चहा घशाखाली ओतून चालू पडायचं. पूर्वी गाढवावर चहा, सुया, दोरे लादून हिंडायची, आता कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून हिंडते. लहानथोर सगळे तिला 'आचा' म्हणतात, म्हणजे ताई. सत्तरीचा थार्चिन म्हातारासुद्धा आचाच म्हणतो, पण तो चेष्टेनं.

तिच्या स्वतःच्या शेळ्या चाळीसेक, त्याही अशाच विखुरलेल्या, पाच या कळपात तर पाच त्या. त्यांच्यावर ती पोरं शिकवते. एका पोरामागे पाच शेळ्या असा तिचा हिशेब, बाकीच्यांवर तिचं स्वतःचं पोट. अंगालगतची मऊ लोकर उन्हाळ्यात कंगव्यानं काढायची, व्यापाऱ्याला द्यायची आणि त्यातून पोराचे बूट, गरम कपडे, अंथरूण घ्यायचं. लेहची शाळा फी घेत नाही, पण एवढं सामान घेतल्याशिवाय वसतिगृहात राहणार कसं? आतापर्यंत सहा पोरं अशी गेली. एक नर्स झाली, दोघं शिक्षक झाले. एकजण दोनदा नापास होऊन ट्रक चालवतो, आणि गावोगावी मान त्यालाच जास्त. झोमपाला स्वतःला मात्र अक्षर येत नाही. चहाचा पुडा ती वरचं चित्र बघून ओळखते.

यंदा पाळी होती यांगकीची. थार्चिनची नात, नऊ वर्षांची, तीनशे शेळ्या-मेंढ्या एकटी राखणारी. तिच्या बापाशी झोमपाचं आदल्या शरदातच ठरलं होतं. शाळेचा ट्रक यायला दहा दिवस उरले, तेव्हा झोमपा लोकर न्यायला छावणीत उतरली.

"पोपो, लोकर काढून ठेवली ना?" चहाचा पहिला घोट घेण्याआधीच तिनं विचारलं.

"कुणाची?" थार्चिन पोपोनं जपमाळ फिरवता फिरवता विचारलं. पोपो म्हणजे आजोबा.

"कुणाची काय! माझ्या पाच शेळ्यांची."

"तुझ्या कुठल्या आता? देवाला सोडल्यास ना तू?"

झोमपाच्या हातातला पेला तसाच राहिला. तेवढ्यात तिच्या पाचांतली एक शेळी सरळ तंबूत शिरून सातूच्या पिठात तोंड घालायला लागली. यांगकीची आई नोर्झिन तिला हाकलायचं सोडून हात जोडून विनवत होती, "जा ना गं बाई, पुरे ना आता."

मग उलगडा झाला. दरवर्षी झोमपा शाळेच्या शेळ्यांच्या शिंगांना निळा रंग लावायची. गेल्या खेपेला रंग संपला होता, म्हणून तिनं कमरेचा लाल पट्टा फाडून पाचांच्या गळ्यात चिंध्या बांधल्या आणि नेहमीसारखी घाईत निघून गेली. खूण फक्त यांगकीच्या बापाला सांगितली होती. तो दुसऱ्याच दिवशी रस्त्याच्या कामावर गेला. आणि लाल खुणेची शेळी म्हणजे देवाला सोडलेली, हे इथल्या पाळण्यातल्या पोरालाही कळतं. तिला कापायचं नाही, विकायचं नाही, तिच्या अंगाला कंगवा लावायचा नाही.

"अहो, देवाच्या शेळीला कानात बांधतात! मी गळ्यात बांधलं होतं."

"आम्हाला वाटलं, घाईत असशील. नेहमीच असतेस."

"मग आता सोडा ती चिंधी!"

"आता कसली सोडतेस? हिवाळ्यात लामा आले होते. मंत्र म्हणून पाचांच्या शिंगांना लोणी लावून गेले. तुझ्या नावानं प्रार्थनाही केली, फुकट."

झोमपानं पेला खाली ठेवला. मग तिनं म्हाताऱ्याच्या डोळ्यांत बघून विचारलं, "खरं सांगा पोपो, भीती देवाची आहे की कळपाची?"

थार्चिननं जपमाळ मांडीवर ठेवली. "हे गुडघे बघ माझे. बाप रस्त्यावर, आई तान्ह्यात अडकलेली. पोर गेली की कळपामागं कोण जाणार? ते लामा?"

"मी जाईन!" झोमपाच्या तोंडून निघून गेलं.

"तू? तू दोन रात्री टिकत नाहीस एका ठिकाणी."

"पोर हिवाळ्याच्या सुट्टीला येईपर्यंत टिकते. बोला आता!"

नोर्झिन तोंडावर बाही धरून हसायला लागली. यांगकी मात्र हसली नाही, आजोबाच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. म्हातारा बराच वेळ दाढीचे चार केस ओढत बसला.

"अंगावरची लोकर देवाची," तो शेवटी म्हणाला. "त्यात तडजोड नाही. पण जी आपोआप गळून दगडाला चिकटली ती?"

"ती कुणाची?"

"ती वाऱ्याची. उचलेल त्याची."

दुसऱ्या दिवसापासून ज्या म्हाताऱ्याचे गुडघे कामातून गेले होते, तोच काठी टेकत त्या पाचांना नदीकाठच्या काटेरी झुडपांतून फिरवायला लागला. "घासा गं बायांनो, घासा! खाज सुटली असेल ना?" असं त्यांना आर्जवानं सांगायचा. लोकर उन्हानं सुटत आली होतीच. झुडपांवर तिचे पुंजके लटकले, खडकांना झालरी लागल्या. छावणीतल्या बायका, पोरं, सगळी मागं मागं वेचत चालली. बोटांत काटे मोडत होते, म्हातारीकोतारी एकमेकांच्या डोक्यावर लोकर टाकून फिदीफिदी हसत होती. आठव्या दिवशी पोतं भरलं. काड्या-काटे निवडून झोमपा ते व्यापाऱ्याकडे घेऊन गेली आणि बूट, कोट, रजई घेऊन परत आली. बूट दोन बोटं मोठे निघाले. "वाढेल की," ती म्हणाली.

ट्रक आला त्या सकाळी रडली ती नोर्झिन. यांगकीला रडायला वेळ नव्हता, ती झोमपाला काम समजावत होती. "आचा, शिंगमोडकी पुढं गेली की सगळ्या तिच्यामागं जातात, तिच्यावर डोळा ठेव. दुपारी तळ्याकडे जाऊ द्यायचं नाही, चिखलात रुततात. आणि गोफण उलटी धरू नकोस, काल धरली होतीस."

"पुरे, चढ आता, मला शिकवतेय!"

ट्रक धूळ उडवत गेला. झोमपा गोफण घेऊन चढणीला लागली. उन्हं वर येईतो कळप तीन दिशांना पांगला होता, आणि शिंगमोडकी सरळ तळ्याच्या रोखानं निघाली होती. तंबूच्या दाराशी पाय पसरून बसलेला थार्चिन खालून ओरडत होता, "उजवीकडे, आचा! अगं, तुझ्या उजवीकडे!"

झोमपानं त्याला, शिंगमोडकीला आणि देवाच्या पाचही शेळ्यांना एकेक शिवी हासडली, झगा कमरेला खोचला आणि तळ्याकडे धावत सुटली.