बाबांच्या भुवयांवरचा कापूस

बाबा गेल्यानंतर विहारात ठेवलेल्या त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी मी त्यांच्यावर चार ओळी लिहिल्या आणि गावच्या फेसबुक ग्रुपवर टाकल्या. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होते. घरी येत तेव्हा भुवयांवर कापूस बसलेला असायचा. माझ्या कॉलेजच्या कार्यक्रमालाही ते तसेच आले, कापूस न झटकता, असं मी लिहिलं होतं.

पहिली कमेंट शाळेत माझ्याच वर्गात असलेल्या एकाची : ‘एआयनं लिहिलेलं वाचूनच समजते. आपल्या बोरी अरबात इतकं शुद्ध कोण लिहिते?’ मग रांगच लागली. कुणी हसरे चेहरे टाकले, कुणी रोबोटचं चित्र. बापाच्या मरणावरही मशीनकडून लिहून घेतलं, असं एकीनं म्हटलं. हीच मंडळी एआयनं बनवलेले स्वतःचे कोट-टायमधले फोटो टाकतात, तेव्हा सगळ्यांना ते छान वाटतात.

मला राग एआयचा आला नाही. ऑफिसातल्या पत्रांचे मसुदे मीही त्याच्याकडून करून घेते. राग आला तो ‘कोण लिहिते’चा. मी लिहिते. आमच्या घरातली पहिली बीए मी आहे आणि ही शुद्ध मराठी मी कमावलेली आहे. पण कमेंटमध्ये भांडत बसले नाही. माय म्हणाली, "उद्या विहारात सारेच येतीन. तिथं बोल."

वंदना झाली की जेवणाआधी ज्याला वाटेल त्यानं उठून दोन शब्द बोलायचे, अशी आमच्याकडे रीत. मी फोन मायच्या हातात दिला आणि उभी राहिले. लिहिलेलं म्हणून दाखवलं नाही. घरी बोलते तसं वऱ्हाडीतच बोलले. भुवयांवरच्या कापसापाशी आले, तर बाबांसोबत गाठी उचललेले एक म्हातारे काका बसल्या जागेवरून म्हणाले, "भुवयाच कायले, पोरी? कानातबी राहे. मुकादमानं आवाज देल्ला तं आयकूच नाही ये त्याले."

सगळे हसले. माय पदर तोंडाला लावून हसली. मागे उभा असलेला तो वर्गमित्रही हसला.

संध्याकाळी कुणीतरी माझ्या बोलण्याचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला. खाली लगेच एकाची कमेंट : ‘हा व्हिडिओबी एआयचाच दिसते.’ मी काही लिहिणार, तोच वर्गमित्राचं उत्तर आलं. ते मी मायला मोठ्यानं वाचून दाखवलं :

‘मी होतो ना तिथं. जेवूनबी आलो.’